कव्हरवर नाव टाकायचं की नाही? इंडी प्रोजेक्टच्या ओळखीची पार्श्वभूमी

इंडी म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीशिवाय चालणाऱ्या म्युझिक प्रोजेक्टची व्हिज्युअल ओळख म्हटलं की लोगो, दोन-तीन रंग, एखादा फॉन्ट, कव्हर आणि प्रोफाइलचा गोल फोटो एवढं सगळेच धरून चालतात, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. भांडण अजून होतं ते एकाच गोष्टीवर, अल्बमच्या किंवा गाण्याच्या कव्हरवर प्रोजेक्टचं नाव टाकायचं की नाही.

जुनं थोडक्यात. १९३०च्या दशकाच्या शेवटापर्यंत रेकॉर्ड बहुतेक साध्या कागदी पाकिटात यायच्या, चित्रांचं कव्हर त्यानंतर रुळलं, आणि १९४८ला एलपी (जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड) आल्यावर १२ इंची चौकोन मिळाला. त्यात नाव वरच्या बाजूला असायचं कारण दुकानात रेकॉर्ड खोक्यात उभ्या लावलेल्या असायच्या, गिऱ्हाईक बोटांनी चाळत जायचं आणि दिसायची ती वरची पट्टीच. म्हणजे ही सोय मुळात विक्रीची. १९७०-७१ला मोठ्या बँडनी ती धुडकावली (एका कव्हरवर तर नुसती गाय, अक्षर एक नाही), पण त्यांचं नाव आधीच झालेलं होतं, त्यांना काय फरक पडणार.

गंमत आली ती पंकच्या, म्हणजे ‘स्वतःच करा’ म्हणणाऱ्या रांगड्या रॉक संगीताच्या मागोमाग. फोटोकॉपी मशीन, कात्री, घासून उमटवायची अक्षरं, झालं कव्हर तयार. १९७९ला मँचेस्टरच्या एका छोट्या लेबलनं (रेकॉर्ड कंपनीनं) एका बँडचा पहिलाच अल्बम काढला, आणि पुढच्या बाजूला ना बँडचं नाव ना अल्बमचं. काळ्या खरखरीत कागदावर पांढऱ्या रेघा, बस. त्या रेघा म्हणजे एका पल्सारच्या (ठरावीक अंतरानं रेडिओ स्पंद सोडणाऱ्या ताऱ्याच्या) ८० सलग स्पंदांचा आलेख, खगोलशास्त्राच्या ज्ञानकोशातून उचललेला. मुळात तो पांढऱ्यावर काळा होता, डिझायनरनं उलटा केला. आज टीशर्टवर तो मिरवणाऱ्या कितीतरी जणांनी त्यातलं एक गाणं ऐकलेलं नसतं.

तेव्हापासून ‘नाव नको’वाल्यांचा हा ठरलेला दाखला आहे आणि मला तो अर्धवट वाटतो. रेकॉर्डला मागची बाजू होती, कडा होती, मधोमध गोल कागदी चिठ्ठी होती, नाव पुढून काढलं तरी कुठे ना कुठे होतंच. शिवाय त्याच लेबलनं १९७८पासून पोस्टरलासुद्धा कॅटलॉग नंबर (कंपनीच्या यादीतला क्रमांक) द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे ओळख एका चित्रावर अवलंबून नव्हतीच, मागे अख्खी पद्धत होती. हे सोडून फक्त गूढ चित्र तेवढं उचललं की प्रोजेक्ट गूढ राहतो, ओळखीचा होत नाही.

कॅसेट आणि १९८२नंतरची सीडी यांनी चौकोन लहान केला, बाकी फार काही बदललं नाही. बदललं ते २००३ नंतर, गाणी ऑनलाइन दुकानातून विकायला लागल्यावर, आणि २००८च्या आसपास स्ट्रीमिंग आल्यावर तर पुरतंच. मागची बाजू गेली, कडा गेली. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी ॲपवर पोचवणारी कंपनी, साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी कव्हर मागतो, त्यावर वेबसाइटचा पत्ता नको, किंमत नको, आणि नाव लिहिलंच असेल तर त्याच्या फॉर्ममध्ये भरलंय तसंच हवं. कव्हरवर एक स्पेलिंग आणि फॉर्ममध्ये दुसरं झालं की रिलीज अडकलं. त्यामुळे झालं असं की बिननावाचं कव्हर, जे एकेकाळी बंड होतं, तेच आता सगळ्यात बिनधोक ठरलं.

नाव हवंच म्हणणारे म्हणतात एकाच नावाचे चार प्रोजेक्ट सापडतात, निदान कव्हरवर तरी आपलं नाव आपल्या अक्षरात दिसू दे. बरोबर आहे, पण तेच ३००० पिक्सेल फोनच्या यादीत नखाएवढे होतात, बारीक अक्षरं तिथे वाचताच येत नाहीत, उरतो रंग आणि एखादा ठसठशीत आकार. आणि हल्ली अल्बमच्या आधी तीन-चार सिंगल (एकेकटी गाणी) येतात, ती एका घरची वाटायला हवीत, तर नावापेक्षा तीच चौकट, तोच कोपरा, तोच रंग परत परत येणं जास्त कामाचं. नाव टाकायचंच तर लोगोसारखं ठळक टाका, नाहीतर सरळ वगळा, मधलं काही चालत नाही.

आता तर गाणं वाजताना मागे ३ ते ८ सेकंदांचा उभा व्हिडिओ फिरतो, त्यावर ॲपची बटणं बसतात, नाव ॲप स्वतःच दाखवतं. त्यात नाव लिहू नका असा सल्ला प्लॅटफॉर्मच देतात. टीशर्ट आणि पोस्टरवाल्यांना मात्र नाव लागतंच, म्हणून बरेच प्रोजेक्ट सरळ दोन फाइल करून ठेवतात, एक नावाची, एक बिननावाची.