इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा घरगुती साठा

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा घरगुती साठा : हौशी प्रयोगकर्ते, दुरुस्ती करणारे कारागीर, हॅम रेडिओचालक व विद्यार्थी स्वतःजवळ बाळगतात तो रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी (एकात्मिक मंडल), कनेक्टर इ. सुट्या भागांचा संग्रह. भाग लावून ठेवणे, हवा तो सापडणे आणि किती उरले हे माहीत असणे ही त्याच्या व्यवस्थेची तीन अंगे होत. कारखान्याच्या भांडारात प्रकार मर्यादित आणि नग हजारोंनी असतात. घरगुती साठ्यात प्रकार शेकडो आणि बहुतेकांचे नग मोजकेच असतात, त्यामुळे भांडाराचे रूढ नियम येथे जसेच्या तसे चालत नाहीत.

मूल्यमालिका व खण : रेझिस्टरसाठी किती खण लागतील हे प्रमाणित मूल्यमालिकेवरून ठरते. ई-१२ मालिकेत प्रत्येक दशकात (दहापटीच्या टप्प्यात) १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ व ८२ अशी बारा मूल्ये येतात. १० ओम ते ८२० किलोओम या पाच दशकांना ६० खण पुरतात. ई-२४ मालिकेला १२० आणि ई-९६ ला ४८० लागतात. घरगुती कामासाठी ई-१२ चा पूर्ण संच ठेवून अचूक मूल्ये गरजेपुरती आणणे हेच सोयीचे ठरते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला १०, २२, ४७ ही ई-३ मालिकाही बहुधा पुरते.

या आकड्यांच्या उगमाविषयी एकमत नाही. गुणोत्तराने वाढणाऱ्या प्रमाण आकड्यांची कल्पना फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल रनार याच्याकडे जाते. १८७० च्या दशकात त्याने बलूनच्या दोरखंडांचे ४२५ आकार १७ वर आणले, असे सांगितले जाते. त्याची मालिका दशकाचे पाच, दहा, वीस असे भाग करते; ई-मालिका तीन, सहा, बारा, चोवीस असे करते. ही ई-मालिकेची प्रथा अमेरिकेतील रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने साधारणतः १९३० च्या दशकाच्या मध्यास स्वीकारलेली दिसते. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाने (आयईसी) १९४८ मध्ये या विषयाचे काम हाती घेतले व १९५२ मध्ये प्रमाणक ६३ प्रसिद्ध केले. त्याचा आजचा क्रमांक ६००६३ आहे. रनारची मालिका मात्र पुसली गेली नाही. कपॅसिटरवरील ६.३, १०, १६, २५, ४०, ६३ व १०० व्होल्ट हे आकडे तिचेच आहेत. ‘४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट’ या एका छापात दोन्ही परंपरा शेजारी बसलेल्या दिसतात.

ई-१२ ची मूल्ये दहाच्या बाराव्या मुळाच्या (सु. १.२१) पटीने वाढतात असे म्हटले जाते, पण ते पूर्णपणे खरे नाही. गणिताने २६, ३२, ३८, ४६ व ८३ यायला हवेत तेथे मालिकेत २७, ३३, ३९, ४७ व ८२ आहेत. शेजारच्या मूल्यांचे टॉलरन्सचे (मूल्यातील मान्य फरकाचे) पट्टे एकमेकांना भिडावेत म्हणून ही मूल्ये हलवली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ±२० टक्क्यांना २२ ची वरची आणि ३३ ची खालची मर्यादा नेमकी २६.४ येते, हा त्याचा आवडता पुरावा. परंतु ३३ ऐवजी ३२ घेतले तरी पट्टे भिडतातच. उलट प्रत्यक्षातील ई-१२ मध्ये ±१० टक्क्यांना २२ चा पट्टा २४.२ ला संपतो आणि २७ चा २४.३ ला सुरू होतो, म्हणजे बारीक फट उरते. प्रमाणक निघण्यापूर्वीच ही मूल्ये व्यापारात रुळली होती व ती बदलणे परवडणारे नव्हते, हे दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे.

ओळखखुणा : एकच मूल्य अनेक रूपांत लिहिले जाते, आणि घरगुती नोंदींतील बहुतेक गोंधळ यातूनच होतो. सिरॅमिक कपॅसिटरवरील १०४ म्हणजे १० वर चार शून्ये इतके पिकोफॅरड. तेच १०० नॅनोफॅरड आणि तेच ०.१ मायक्रोफॅरड. नोंदवहीत यांपैकी एकच रूप पाळले नाही, तर तोच भाग तीन ठिकाणी नोंदला जातो व पुन्हा विकत आणला जातो. रेझिस्टरसाठी ४के७ (४.७ किलोओम) ही लेखनपद्धती उपयुक्त आहे, कारण हस्ताक्षरात पुसट झालेला दशांशचिन्हाचा ठिपका येथे लागतच नाही.

एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठावर थेट डाखायच्या) भागांत अडचण वाढते. इंची पद्धतीतील ०६०३ हा आकार १.६ × ०.८ मिमी. असतो व मेट्रिक पद्धतीत त्याला १६०८ म्हणतात. मेट्रिक ०६०३ हा मात्र इंची ०२०१, म्हणजे ०.६ × ०.३ मिमी. आहे. म्हणून लेबलवर पद्धतीचा उल्लेख हवाच. बहुस्तरीय सिरॅमिक एसएमडी कपॅसिटरवर सहसा काहीच छापलेले नसते. धारिता मीटरने मोजता येते, पण व्होल्टची मर्यादा व डायइलेक्ट्रिकचा (आतील विद्युतरोधक थराचा) प्रकार सहज कळत नाही. असा भाग लेबलाच्या पट्टीपासून सुटा झाला की संग्रहाच्या दृष्टीने तो गेलाच.

मांडणी : प्रकारानुसार मांडणी व स्थान-क्रमांकानुसार मांडणी असे दोन पक्ष आहेत. पहिल्यात खणावर ‘एनपीएन ट्रान्झिस्टर’ असे लिहितात. दुसऱ्यात खणाला ‘ब-१४’ असा क्रमांक देऊन त्यात काय आहे ते वहीत किंवा संगणकावर नोंदवतात. ग्रंथालयातील वर्गांक व दाखल क्रमांक यांच्यासारखा हा भेद आहे. रेझिस्टर-कपॅसिटरना मालिकेचा क्रम आपोआप मिळत असल्याने पहिली पद्धत शोभते. आयसी, सेन्सर, कनेक्टर यांना असा नैसर्गिक क्रम नाही आणि त्यांचे वर्ग सतत वाढतात. तेथे दुसरीच टिकते. ट्रान्झिस्टरच्या नोंदीत पायांचा क्रमही असावा. बीसी ५४७ व २एन३९०४ दिसायला सारखे असले, तरी सपाट बाजू समोर धरल्यास पहिल्याचे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे आणि दुसऱ्याचे नेमके उलट क्रमाने येतात.

मोजदाद : प्रत्येक रेझिस्टर काढताना नोंद करणे फार काळ निभत नाही. स्वस्त भागांसाठी दोन पुड्यांची पद्धत पुरेशी आहे : पहिली संपली की दुसरी उघडायची आणि त्याच दिवशी खरेदीच्या यादीत नाव लिहायचे. नेमकी संख्या महाग आयसी व मॉड्यूलपुरती ठेवावी. टेपवर (लांब पट्टीत ओळीने बसवून) येणारे भाग न मोजताही कळतात. ०६०३ व ०८०५ भागांमधील अंतर ४ मिमी. असल्याने एक मीटर पट्टीत २५० नग बसतात, तर ०४०२ मध्ये अंतर २ मिमी. असल्याने ५००. इन्व्हेनट्री व पार्ट-डीबी ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे स्थान, नग, पुरवठादार व डेटाशीट एकत्र ठेवतात. साध्या स्प्रेडशीटनेही बहुतेकांचे भागते.

जतन : आर्द्रता हा किनारपट्टीवरील मुख्य शत्रू आहे. ओल शोषणाऱ्या आयसींना संवेदनशीलतेची पातळी दिलेली असते. पातळी ३ चा भाग पाकीट उघडल्यावर ३० अंश से. व ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तासच ठेवता येतो. त्यानंतर न भाजता (मंद उष्णतेने न सुकवता) रिफ्लो केल्यास, म्हणजे तापवून डाख वितळवल्यास, आतील वाफेने आवरण तडकू शकते. मुंबई-कोकणातील पावसाळी हवा या मर्यादेपेक्षा दमट असते, म्हणून हवाबंद डबा, सिलिका जेल व आर्द्रतादर्शक कार्ड आवश्यक आहे. लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे घेतलेले आयसी साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत असले, तर घरी येताच स्थितिक विद्युतापासून वाचवणाऱ्या पिशवीत हलवावेत. गुलाबी पिशवी स्वतः स्थितिक विद्युत् निर्माण करत नाही, पण बाहेरून येणारा झटका अडवत नाही. ते काम धातूचा थर असलेली चंदेरी पिशवी करते. आयसी खोचण्याचा काळा फोमही वर्षानुवर्षे ठेवल्यास विरतो व पाय गंजवतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापराविना पडून राहिल्यास त्यातील ऑक्साइडचा थर क्षीण होतो व गळतीचा प्रवाह वाढतो. रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टता चढवल्यास थर पुन्हा बांधता येतो. यासाठी या एका प्रकाराच्या पुडीवर खरेदीचे वर्ष लिहावे व जुना माल आधी वापरावा.