एमबीबीएसला कोण पोचतं? १८४५ पासून आजपर्यंत

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकात फ्लेक्स लागतात, पासपोर्ट साईझ फोटो, खाली नाव, ७२० पैकी किती पडले, बस. पोरगं कुठल्या गावचं, आईवडील काय करतात, कितव्या प्रयत्नात झालं, यातलं काहीच तिथे नसतं आणि मला तर तेच वाचायचं असतं. म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं १८४५ ला. पहिल्या बॅचला भाऊ दाजी लाड होते, मूळ गोव्याचे, घरची परिस्थिती बेताची, आणि ॲडमिशन घेतली तेव्हा ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, म्हणजे हातातलं मास्तरपद सोडून पुन्हा बाकावर येऊन बसले. १८५१ ला जी पहिली तुकडी बाहेर पडली त्यात त्यांच्यासोबत आत्माराम पांडुरंग होते, ज्यांच्या पुढाकाराने पुढे १८६७ ला प्रार्थना समाज निघाला. पण शिकवणं सगळं इंग्रजीतून, त्यामुळे ज्यांना इंग्रजी शाळा मिळाली त्यांनाच ते दार दिसायचं, बाकी महाराष्ट्र लांबच.

आणि बायका तर नाहीच. आनंदीबाई जोशी १८८३ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला शाळा-कॉलेजची मोठी सर्टिफिकेटं नव्हती, बरंचसं शिक्षण घरीच, नवऱ्याकडून, गोपाळरावांकडून. ॲडमिशनसाठीच्या पत्रात त्यांनी मांडलं ते असं, की जातीचा आणि आपल्या माणसांचा विरोध अंगावर घेऊन मी इथवर आले, हा निर्धार माझ्या बाजूने धरा. कॉलेजने धरला. १८८६ ला त्या एमडी झाल्या. मला हे पत्र फार मोठं वाटतं, कारण मार्कांच्या जागी तिथे एका मुलीचा प्रवास मोजला गेला.

आपल्याकडे नंतर बरीच वर्षं बारावीच्या पीसीबीवर (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर) ॲडमिशन व्हायची, त्याच काळात लातूर पॅटर्न, म्हणजे तिथल्या कॉलेजांची कसून तयारी करून घ्यायची पद्धत, गाजला आणि खेड्यातल्या पोरांना वाटायला लागलं की आपणपण डॉक्टर होऊ शकतो. मग सीईटी, राज्याची प्रवेश परीक्षा, आली. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, १९६९ चं, त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी होती, त्यात गांधीविचारांचा एक पेपर असायचा! कुठल्या मनाचा मुलगा आत येतोय हे विचारणारं दुसरं कॉलेज मला तरी माहीत नाही. नीट आल्यावर तो पेपर गेला आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

नीट पहिल्यांदा २०१३ ला झाली, सुप्रीम कोर्टाने रद्द केली, २०१६ ला परत आली. आता बारावीला फक्त पास होण्यापुरतं आणि पात्रतेच्या टक्क्यांपुरतं बघायचं, बाकी सगळा खेळ एका दुपारचा. पेपर मराठीतून द्यायची सोय आहे, पण क्लास, नोट्स, टेस्ट सिरीज बघा, सगळं इंग्रजी. राज्यात ७०:३० चा कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, आणि मराठवाड्यात कॉलेजं कमी म्हणून तिथल्या पोरांना जास्त मार्क असूनही जागा मिळायची नाही, तो कोटा २०२० ला रद्द झाला. तमिळनाडूने त्याच वर्षी सरकारी शाळेतल्या मुलांना साडेसात टक्के जागा ठेवल्या. आपल्याकडे झेडपी शाळेतल्या पोरांसाठी असं काही व्हायलाच हवं.

माझी भाची रिपीटर, म्हणजे नीट पुन्हा देणारी, दोन वर्षं लातूरला रूमवर राहिली. भिंतीला बायोलॉजीचे तक्ते, सकाळी मेसचा डबा, रात्री बारापर्यंत अभ्यासिका, आणि घरून फोन आला की आधी "टेस्टला किती पडले?" हाच प्रश्न. कॅप राउंडला, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीत, नंबर लागला. रिपोर्टिंगला गेलो तेव्हा फाईलमध्ये डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर, जातीची व्हॅलिडिटी सगळं लावलेलं, फक्त मधल्या वर्षांच्या गॅपचं ॲफिडेव्हिट राहिलं होतं. बाहेर टायपिंगवाल्याकडून करून घेतलं. तिच्या दोन वर्षांबद्दल त्यात एकच ओळ होती, की या काळात तिने दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतलेला नव्हता. सही करताना तिने ती ओळ दोनदा वाचली.