आरंभ नको असलेले विश्व

विज्ञानाच्या सिद्धांतावर धार्मिक आक्षेप म्हटले की गॅलिलिओ किंवा डार्विन आठवतो. विश्व एका अतिशय उष्ण, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आले, असे सांगणाऱ्या महास्फोट (बिग बँग) सिद्धांताच्या बाबतीत मात्र चित्र उलटे होते. विश्वाला आरंभ असावा, असे गणिताच्या आधारे मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते आणि ही कल्पना तात्त्विक कारणांसाठी न रुचलेल्यांत त्या काळातील नामवंत शास्त्रज्ञ होते.

लमेत्र यांनी 1927 मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे प्रारूप मांडले आणि 1931 मध्ये सारे विश्व एका आदिम अणूतून निर्माण झाले असावे, असे सुचवले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी आरंभाची कल्पना आपल्याला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तिटकारा आणणारी वाटते, असे उघडपणे म्हटले; आणि एडिंग्टन तर श्रद्धाळू क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते! सोव्हिएत रशियात कम्युनिस्ट पक्षाचे नेते आंद्रेय झ्दानोव यांनी 1947 मध्ये लमेत्र यांचे नाव घेऊन हा धर्माला बळ देणारा प्रतिगामी विचार असल्याची टीका केली.

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचा आक्षेपही मुळात तात्त्विकच होता. ज्या क्षणाचे कारण भौतिकशास्त्राला विचारताच येत नाही, तो क्षण सिद्धांताच्या पायाशी ठेवणे त्यांना मान्य नव्हते. पण ते नापसंतीवर थांबले नाहीत. हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्याप्रमाणेच त्यांनी 1948 मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावत असताना नवे द्रव्य अत्यंत संथपणे निर्माण होत राहते आणि त्यामुळे विश्वाचे रूप सर्व काळी सारखेच राहते, असे हा सिद्धांत सांगतो. त्या वेळच्या मोजमापांनुसार विश्वाचे वय पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी भरत होते, त्यामुळे महास्फोटावर शंका घेण्यास भक्कम वैज्ञानिक कारणही होते, हे विसरता कामा नये.

1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्रात सृष्टिनिर्मितीची साक्ष दिसत असल्याचे जाहीर केले. याने सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धांत धार्मिक आणि तात्त्विक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे, ही भूमिका त्यांनी पुढेही कायम ठेवली. माझ्या मते या साऱ्या वादातील सर्वांत शहाणी भूमिका हीच होती, कारण ज्या सिद्धांताला श्रद्धेचा पुरावा केले जाते, तो उद्या निरीक्षणांनी खोटा ठरला तर श्रद्धेचीही पंचाईत होते.

स्थिर स्थिती सिद्धांताची ताकद ही की तो खोटा ठरवता येत होता. दूरची दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे, कारण तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला फार काळ लागतो. तेव्हा हा सिद्धांत खरा असेल तर दूरचे आणि जवळचे विश्व सारखेच दिसायला हवे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांच्या गणनेत क्षीण, म्हणजे बहुतांशी दूरचे, रेडिओ लहरींचे स्रोत अपेक्षेहून जास्त निघाले; म्हणजे पूर्वीचे विश्व आजच्यासारखे नव्हते. 1961 मध्ये त्याला उत्तर देण्यासाठी हॉईल यांच्यासोबत उभे राहिलेले त्यांचे तरुण विद्यार्थी म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर. पुढे 1965 मध्ये आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी सापडलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाची माहिती प्रसिद्ध केली. सर्व दिशांनी येणारे, सुमारे 2.7 केल्विन (जवळपास उणे 270 अंश सेल्सिअस) तापमानाचे हे प्रारण म्हणजे उष्ण आरंभाचा अवशेष, असे बहुतेकांनी मानले. ही बातमी लमेत्र यांच्यापर्यंत 1966 मध्ये, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी पोहोचली.

नारळीकरांनी मात्र वाद सोडला नाही. हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी 1993 मध्ये अर्ध-स्थिर स्थितीचे प्रारूप मांडले. त्यात सूक्ष्मलहरी प्रारण हा ताऱ्यांचाच जुना प्रकाश असून अंतराळातील लोहाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांनी त्याला हे रूप दिले, असे स्पष्टीकरण होते. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाही.