कोरोना : फुप्फुसांपासून रक्तवाहिन्यांपर्यंत

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, धुळे, नंदुरबार येथील दवाखान्यांबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न असे : ‘स्कोअर किती आला?’ छातीच्या सीटी स्कॅनवरून फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी ५ पर्यंत असे एकूण २५ पैकी गुण दिले जात, आणि त्या आकड्यावर घराघरांतली आशा वर-खाली होत असे. हा आकडा फुप्फुसात किती भागात सूज आहे एवढेच सांगत होता. हृदय, मूत्रपिंडे आणि रक्त यांचे काय चालले आहे ते त्यात दिसत नव्हते. स्कोअर कमी असलेला रुग्ण अचानक का खालावला, हा प्रश्न म्हणूनच कितीतरी कुटुंबांच्या मनात तसाच राहिला. त्याचे उत्तर या विषाणूच्या अभ्यासाच्या इतिहासात सापडते.

माणसाला होणारे कोरोना विषाणू १९६० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील प्रयोगशाळांत सर्दीचा शोध घेताना हाती लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याभोवती मुकुटासारखे कडे दिसले म्हणून १९६८ मध्ये त्यांना हे नाव मिळाले. पुढची सुमारे ३५ वर्षे ते साध्या पडशाचे विषाणू म्हणूनच ओळखले गेले. २००२ च्या अखेरीस चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून सार्स हा कोरोना विषाणूमुळे होणारा गंभीर श्वसनरोग पसरला, तेव्हा हे मत बदलले. हा विषाणू पेशींच्या पृष्ठभागावरील एसीई-२ या प्रथिनाला धरून आत शिरतो, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. हे प्रथिन जेमतेम तीन वर्षांपूर्वी, २००० मध्ये ओळखले गेले होते आणि शरीरातले त्याचे मूळ काम रक्तदाब व रक्तवाहिन्यांचे आकुंचन यांचा तोल राखण्याचे आहे.

२००४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी हे प्रथिन शरीरात कोठे कोठे असते याचा शोध घेतला. ते फुप्फुसांतील वायुकोशांवर सापडले, लहान आतड्यात सापडले आणि तपासलेल्या सर्व अवयवांतील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही सापडले. नवा कोरोना येण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्याच्या वाटेचा नकाशा असा तयार होता. तो अधिक लोकांनी, अधिक लवकर वाचायला हवा होता, असे मला आजही मनापासून वाटते.

२०१९ च्या डिसेंबरात वुहानमध्ये आजार दिसला तेव्हा त्याचे वर्णन न्यूमोनिया असेच झाले, आणि ते चूकही नव्हते. वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध द्रव ज्या पेशी बनवतात त्यांच्यावरच विषाणू हल्ला करतो, त्यामुळे कोश मिटतात, त्यांत पाणी भरते आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. अनेकांना ‘दम लागस’ असे म्हणण्याइतकाही त्रास जाणवत नसे आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरवर मात्र रक्तातील प्राणवायूचा आकडा ८५ च्या खाली गेलेला असे. (या यंत्रामागचे तत्त्व १९७० च्या दशकात शोधणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये, साथ भरात असतानाच झाले.)

चित्र पालटले ते शवविच्छेदनांनी. मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरोनाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांमध्ये, इन्फ्लूएन्झाने दगावलेल्यांच्या तुलनेत, सूक्ष्म गुठळ्या ९ पट आढळल्या. रक्तवाहिनीचे अस्तर दुखावले की रक्त गोठू लागते, आणि रक्तवाहिन्या तर सगळीकडेच आहेत. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असलेले ट्रोपोनिन रक्तात वाढणे, मूत्रपिंडे एकाएकी मंदावून रक्तातील क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ चढणे, पक्षाघाताचा झटका येणे, या घटनांचा एकमेकींशी असलेला संबंध मग लक्षात येऊ लागला. ‘तोंडले चव नही’ ही तक्रार मात्र वेगळ्या कारणाने होती : नाकात वास घेणाऱ्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर एसीई-२ असते, त्या आजारी पडत आणि वासाबरोबर अन्नाची चवही जाई.

दुसरे नुकसान शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून होत होते. हा प्रतिकार शमवणारे डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते, असे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने १६ जून २०२० रोजी जाहीर केले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ दिसला नाही. दुसऱ्या लाटेत ते अशांनाही दिले गेले. मधुमेहींची साखर त्याने आणखी चढली आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला वाट मिळाली.

नंदुरबारमध्ये जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या कारकिर्दीत हवेतून प्राणवायू वेगळा करणारे प्रकल्प दुसऱ्या लाटेआधीच उभे राहिले होते, म्हणून तेथील टंचाई सुसह्य झाली. पण सातपुड्याच्या पाड्यांवर एक जुनी जोखीम आधीपासूनच होती. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. त्या आजारात कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच बारीक वाहिन्यांत अडकतात आणि छातीत तीव्र दुखणे उद्भवते. कोरोनाही नेमका त्याच वाहिन्यांवर घाव घालत असल्याने या रुग्णांना साध्या तापातही दवाखान्यात आणणे आवश्यक ठरले, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरवाटांवरून तेवढे अंतर कापणे हेच तेथे सर्वांत अवघड होते.