जुनी बंदूक घासू नका

माळ्यावरच्या अडगळीत पणजोबांची ठासणीची बंदूक सापडली की घरातला एखादा उत्साही माणूस हमखास रॉकेल आणि पॉलिशपेपर घेऊन बसतो. दोन तासांत नळी स्टीलच्या तांब्यासारखी चकाकू लागते, आणि त्या बंदुकीत वाचण्यासारखं जे काही होतं ते काळ्या लगद्याबरोबर मोरीतून वाहून जातं. जुन्या वस्तूंच्या बाजारात अशी ‘चकाचक’ बंदूक पाहिली की जाणकार संग्राहक किंमतही विचारत नाही.

गंज काढायला नको का? काढायला हवा, पण कुठला ते आधी ठरवायला हवं. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांच्यापासून डझनभराहून अधिक वेगवेगळी संयुगं तयार होतात. त्यातलं मॅग्नेटाइट काळं, दाट आणि धातूला घट्ट चिकटून बसणारं. ते खालच्या लोखंडाला बऱ्यापैकी आडोसा देतं. नारिंगी लेपिडोक्रोसाइट मात्र भुसभुशीत असतं, ओल धरून ठेवतं आणि पुढच्या गंजाची सोय करतं.

बंदूक बनवणाऱ्यांना ही रसायनं नावानिशी माहीत नव्हती, पण त्यांचा स्वभाव पुरता माहीत होता. एकोणिसाव्या शतकातले युरोपातले कारागीर नव्या नळीवर मुद्दाम गंज चढवत. आम्ल आणि क्षारांचं मिश्रण पुसून नळी दमट कपाटात ठेवायची, नारिंगी थर आला की उकळत्या पाण्यात सोडायची. पाण्यात तो थर डोळ्यांदेखत काळा पडतो, कारण त्याचं मॅग्नेटाइट होतं. मोकळी पूड ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. असे अनेक हात दिल्यावर जो निळसर काळा रंग येतो, तो रंग नव्हेच, तो गंजच. उकळण्याची पायरी गाळली की तपकिरी नळी मिळते. पॉलिशपेपरवाला नेमका हाच थर ‘घाण’ म्हणून काढतो.

भारतीय तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुकांचं नुकसान याहून मोठं असतं. इथल्या उत्तम नळ्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, एका गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेल्या असत. आम्लाने हलकं खाऊ दिलं की पोलाद काळवंडतं, लोखंड उजळ राहतं आणि नळीभर लाटांची नक्षी उमटते. तिला सर्रास ‘दमास्कस’ म्हणतात आणि मुशीत वितळवलेल्या भारतीय पोलादाच्या तलवारींशी तिची गल्लत करतात. त्या तलवारींवरची नक्षी पोलाद थंड होताना आणि ठोकताना आत तयार झालेल्या कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बनच्या संयुगाच्या) कणांची. नळीवरची नक्षी लोहाराच्या हातची. घासल्याने ती पुसली तरी धातूत आतपर्यंत असते, त्यामुळे कुशल माणूस ती परत आणू शकतो. कोफ्तगिरीचं तसं नाही. या कामात लोखंडावर आडव्यातिडव्या बारीक रेघा ओढून त्या खरबरीत पृष्ठभागावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं झिजून गेलं तरी भिंगाखाली त्या रेघा दिसतात आणि कुठे फूल होतं, कुठे वेल होती ते कळतं. पॉलिशपेपरने सोनंही जातं आणि रेघाही.

नळीच्या आतली गोष्ट वेगळी. काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाचं मिश्रण, जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो, त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. ते हवेतली ओल शोषतात. तेलात ते विरघळत नाहीत, म्हणून जुन्या काळी बार झाल्यावर नळी आधी गरम पाण्याने धुवत आणि तेल नंतर. पुढे स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने १८०७ साली ठोक्याने पेटणाऱ्या रसायनांचं पेटंट घेतलं. त्यातून निघालेल्या, घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोप्यांमध्ये आणि नंतरच्या काडतुसांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. टोपीच्या बंदुकीत कानाभोवती, म्हणजे आग आत दारूपर्यंत पोचवणाऱ्या भोकाभोवती, लोखंडाला खड्डे पडलेले दिसतात, त्यामागे बरेचदा हेच असतं.

क्लोराइड हा या सगळ्यातला खरा वैरी. समुद्राकाठी तो हवेतूनच येतो. अशा ठिकाणी अकागानेइट नावाचा गंज तयार होतो. त्याच्या स्फटिकरचनेत बोगदे असतात आणि त्यांत क्लोराइड दडून बसतं. कोरडी दिसणारी वस्तू पावसाळ्यात तांबूस थेंबांचा घाम गाळू लागली, तर आत क्लोराइड आहे असं समजावं. कोकणच्या किल्ल्यांवरच्या लोखंडी तोफांना हौसेने ऑइलपेंट फासतात ते मला म्हणूनच पटत नाही. क्लोराइड रंगाखाली अडकतं, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असल्याने वर्षा-दोन वर्षांत रंगासकट खपल्या निघतात. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेचे लोखंडी तोफगोळे प्रक्रियेनंतरही संग्रहालयात तडकत राहिले, तेही क्लोराइडमुळेच. खरा उपाय वेळखाऊ आहे: अल्कली द्रावणात महिनोन्‌महिने बुडवून ठेवणं किंवा विद्युत विघटन. ब्रिस्टलच्या एसएस ग्रेट ब्रिटन या लोखंडी जहाजाभोवतीची हवा यंत्रांनी जेमतेम २० टक्के आर्द्रतेवर ठेवतात. आपल्याकडे जुलैत हे कोणाच्या घरी होणार!

क्लोराइड नसेल तर मात्र काम सोपं असतं. सुटा गंज मऊ ब्रशने काढून संवर्धक टॅनिक आम्लाचा हात देतात. लोखंडाशी मिळून त्याचं निळसर काळं, न विरघळणारं संयुग होतं. त्यावर मेणाचा पातळ थर. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, आणि हिरडा व हिराकस (लोखंडाचा एक क्षार) घालून केलेली जुनी काळी शाई याच रसायनावर चालायची.

दस्त्याच्या लाकडाला अळशीचं तेल बोटाने अगदी पातळ लावायचं. हे तेल वाळतं म्हणजे ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता बाहेर पडते. तेलाची फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा.

बंदूक पुन्हा ‘चालू’ करण्याची हौस मात्र आवरा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ पुरातन शस्त्रांना सवलत देतं, पण दुरुस्त करूनही ज्यातून बार काढता येणार नाही अशांनाच. बार काढता येणारी बंदूक कितीही जुनी असली तरी तिला परवाना लागतो. आणि हे सगळं करण्याआधी, नळीचं तोंड कोणाकडेही नाही हे पाहून, आत एक सरळ लाकडी काठी हलकेच सोडा. काठीवर खूण करा आणि ती बाहेरून नळीला लावून मोजा. काठी कानाच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर आत बार ठासलेला असू शकतो. सोरा, गंधक आणि कोळसा कोरडे राहिले तर शंभर वर्षांनीही पेटतात. अशी बंदूक होती तिथेच ठेवून पोलिसांना कळवा.