वाळूच्या साच्यातील ओतकाम

ओलसर वाळू फर्म्याभोवती (हव्या त्या भागाच्या नमुन्याभोवती) ठोकून तयार केलेल्या पोकळीत धातूचा रस ओतून यंत्रभाग मिळवण्याची पद्धत. साचा एकाच नगापुरता टिकतो. वाळू मोडून पुन्हा कामाला येते. कोल्हापुरात या धंद्याला ‘फौंड्री’, नगाला ‘कास्टिंग’ आणि ओतीव लोखंडाला ‘बीड’ म्हणतात.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. मातीचे आणि मेणावरून घडवलेले साचे फार जुने; आपले ओतारी त्याच परंपरेतले. निव्वळ वाळूच्या साच्याचे श्रेय पुष्कळदा इंग्लंडच्या अब्राहम डार्बीला देतात, कारण वाळूत लोखंडी भांडी ओतण्याचा एकाधिकार त्याने १७०७ मध्ये मिळवला. पण इटलीच्या बिरिंगुच्चोच्या १५४० मध्ये छापलेल्या ग्रंथात वाळूच्या साच्याचे वर्णन आहे. त्यामुळे डार्बीने पद्धत शोधली असे न म्हणता ती लोखंडी भांड्यांच्या स्वस्त उत्पादनाला जोडली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि साधारण ३ ते ५ टक्के पाणी मिसळतात. हिला ‘ग्रीन सँड’ म्हणतात. रंगाशी संबंध नाही, साचा न भाजता वापरतात एवढाच अर्थ. सारी मेख पाण्यात आहे. पाणी कमी पडले तर साच्याच्या कडा ढासळतात. जास्त झाले तर १,३०० अंश सेल्सिअसच्याही वरच्या रसाला भिडताच पाण्याची वाफ होते, ती दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि बिडात ‘ब्लो होल’ म्हणजे वायूची भोके राहतात. जाणता मोल्डर (साचा करणारा कारागीर) वाळू मुठीत आवळतो, मूठ उघडून गोळा मधोमध मोडतो: कडा धारदार राहिल्या, बोटांचे ठसे उमटले आणि तळवा ओला झाला नाही, तर वाळू ठीक. प्रयोगशाळेतील मापने आली तरी ही परीक्षा आजही उपयोगी आहे. थिजून गार होताना बीड लांबीत सुमारे १ टक्का आकसते, म्हणून फर्मा तेवढा मोठा करतात. नगाच्या आतल्या पोकळीसाठी ‘कोअर’ म्हणजे वाळूचा गाभा बसवतात आणि जाड भागाला रस पुरवायला ‘रायझर’ म्हणजे जादा रसाची जागा ठेवतात.

कोल्हापुरातील या धंद्याच्या वाढीचे मूळ काही जण संस्थानकालीन कारखान्यांत शोधतात. ऑइल इंजिनाची दुरुस्ती आणि नंतर निर्मिती हेच मुख्य कारण, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. पंचगंगेकाठच्या उसाला पाणी उपसायचे, तर इंजिन हवे. इंजिन म्हटले की सिलिंडर, फ्लायव्हील, बेड असे जड बिडाचे भाग आलेच. शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांनी ही गरज भागवली. विजेचे पंप आल्यावर इंजिनाची मागणी घटली आणि फौंड्र्या मोटारी व ट्रॅक्टरच्या सुट्या भागांकडे वळल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत त्यांची संख्या मोठी आहे. कोकवर चालणाऱ्या क्यूपोला भट्टीची जागा बऱ्याच ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्टीने घेतली आहे.