आकर्षण आधी सापडलं, इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी नंतर

रसायनशास्त्राच्या पुस्तकात आधी इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद) येते, मग डायपोल (एक टोक धन आणि एक ऋण असलेला रेणू), मग रेणूंमधली आकर्षणं, त्यामुळे हे सगळं याच क्रमानं सापडलं असणार असं वाटतं. घडलं जवळजवळ उलटं.

१८७३ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्सनी लायडन विद्यापीठाला प्रबंध दिला तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता, रेणू खरंच असतात का यावरच वाद चालू होते. त्यांनी वायूच्या साध्या समीकरणात दोन दुरुस्त्या केल्या, एक म्हणजे रेणू स्वतः जागा व्यापतात आणि दुसरी म्हणजे ते एकमेकांना ओढतात, भांड्याच्या भिंतीकडे निघालेल्या रेणूला आतले रेणू मागे खेचतात म्हणून दाब थोडा कमी भरतो. या ओढीसाठी प्रत्येक वायूचा एक आकडा, तो प्रयोगातून काढायचा. ओढ का असते ते कुणालाच सांगता येत नव्हतं, तरी त्यांच्याच सिद्धांताचा आधार घेऊन कामरलिंग ओनेसनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला, ४.२ केल्विनला!

कारणं मग तुकड्यातुकड्यानं कळत गेली. काही रेणूंना कायमचं धन आणि ऋण टोक असतं हे १९१२ मध्ये डिबायनी मांडलं. पण हेलियमला, आर्गॉनला कुठली आलीत टोकं, तरी ते द्रव होतातच ना? हे कोडं १९३० मध्ये फ्रिट्झ लंडन या भौतिकशास्त्रज्ञानं क्वांटम मेकॅनिक्सनं सोडवलं, ढोबळ भाषेत सांगायचं तर इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात, शेजारच्या अणूतलेही त्याच तालात झुकतात आणि तेवढ्यावर ओढ तयार होते. मला तरी या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीची कल्पना तशी जुनी, बर्झेलियसनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मूलद्रव्यं विद्युत स्वभावानुसार रांगेत लावली होती. पण आकडे दिले पॉलिंगनी, १९३२ मध्ये, आणि तेही बंधांच्या ऊर्जेवरून. आजचे आकडे घेऊन बघा: हायड्रोजन-हायड्रोजन बंध ४३६ किलोज्यूल प्रति मोल, क्लोरिन-क्लोरिन २४३, सरासरी साधारण ३४०. म्हणजे हायड्रोजन-क्लोरिन बंध एवढाच भरायला हवा, पण तो भरतो ४३१. हे वरचे ९० किलोज्यूल आले कुठून? पॉलिंगचं म्हणणं, इलेक्ट्रॉनची वाटणी सारखी नाही म्हणून बंध जास्त घट्ट होतो, आणि या फरकाच्या वर्गमुळावरूनच त्यांनी इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीची पट्टी बनवली.

हायड्रोजन बंधाची, म्हणजे एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनसारख्या अणूकडे ओढला जातो ही कल्पना मात्र लॅटिमर आणि रोडेबुश यांनी १९२० मध्येच पाण्यासाठी मांडून ठेवली होती. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशाला उकळतो आणि पाणी १०० ला. पाण्यात ही ओढ इतकी जास्त का, ते पुढे आकड्यांत दिसलं: पॉलिंगच्या पट्टीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला फरक १.२४ येतो, गंधक आणि हायड्रोजनमधला जेमतेम ०.३८.